लोभ असावा की नसावा?

बुधवार, ३ जुलै

चि. भाच्यास आणि चि. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही दोघं शाळेने फसवलेल्या पिढीतले. ज्वालामुखीचे प्रकार तुमच्याकडून घोकून घेतले. पहिला पगार हातात आला की त्याचं काय करायचं, हे मात्र एकाही मास्तराने सांगितलं नाही. त्या मास्तरांत मीही होते, म्हणून आता प्रायश्चित्त घेते आहे. निवृत्त बाईला वेळच वेळ, असं म्हणून मुख्याध्यापकांनी दहावीचा बुधवारचा शेवटचा तास माझ्या गळ्यात मारला. मी जन्माची भाषेची बाई, आणि शिकवते आहे शेअर बाजार!

पहिल्या दिवशी व्याख्या वाचून दाखवली तर निम्मा वर्ग पेंगला. मग मी बाजारच मांडला. महिना होत आला, धडाक्यात चाललाय. प्रत्येक शिक्षक म्हणजे एक कंपनी, प्रत्येकाचे शंभर शेअर. चलन खडूचे तुकडे, सुरुवातीला मुलामागे वीस. जो शिक्षक आठवडाभर वह्या वेळेवर तपासून देईल, त्याच्या दर शेअरमागे एक तुकडा लाभांश. घंटा देणाऱ्या शिपाईकाकांनी हट्टाने आपलंही नाव फळ्यावर घालून घेतलं. त्यांचा लाभांश घंटा मिनिटावर पडली तरच. पीटीच्या सरांचा भाव गगनाला भिडलाय, कारण ते तास मोकळा सोडतात. मुख्याध्यापक गणित शिकवतात आणि ओरडतात, म्हणून दोन तुकडे. त्यांना यातलं काही ठाऊक नाही, आणि तूही चोंबडेपणा करू नकोस.

बारा वर्षं शेअर दलालाच्या कचेरीत बसतोयस, तर मुलांसाठी शहाणपणाच्या चार ओळी पाठव. आणि म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी आत्या


सोमवार, ८ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हिला हसू आवरेना. माझे निबंध लाल शाईने रक्तबंबाळ करणारी तू, आज मला सल्ला मागतेस! असो. मुलांना सांग, भाव बघण्याआधी कंपनी कमावते काय ते बघा. सगळे तुकडे एकाच शिक्षकावर लावू नका. आणि कुणी कानाशी येऊन खात्रीची बातमी दिली, तर आधी त्याच्या खिशात काय आहे ते विचारा.

बाकी आमच्या कचेरीत तुझ्या फळ्याचीच चर्चा. साहेब म्हणतात, डोळे मिटून शिपाईकाकांना घ्या, अख्खी शाळा त्यांच्या घंटेवर उघडते नि मिटते! हा विनोद आहे. वर्गात वाचू नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुझा भाचा


बुधवार, १७ जुलै

चि. भाच्यास,
आशीर्वाद, आणि एक धपाटा.

वाचलं. वाचू नकोस म्हटलं की माझा आवाज आपोआप चढतो, तुला माहीत आहे. गेल्या बुधवारी तुझं पत्र सहीपर्यंत खणखणीत वाचलं. शेवटच्या बाकावरचा एक उठला आणि म्हणाला, बाई, तुम्ही महिनाभर सांगताय लोभ नसावा, आणि प्रत्यक्ष दलालाच्या कचेरीतला माणूस लेखी देतोय की लोभ असावा! पत्रातला लोभ म्हणजे माया, असं मी समजावून सांगेपर्यंत शिपाईकाका तीनवरून एकोणीसवर गेले होते. तुझ्या साहेबांचा विनोद खरा धरून पोरांनी होतं नव्हतं ते विकून त्यांच्यावर लावलं.

पुढचं ऐक. आज घंटा सात मिनिटं उशिरा पडली. का, तर शिपाईकाका आमच्या खिडकीशी उभे राहून फळ्यावरचा स्वतःचा भाव बघत होते! लाभांश शून्य. भाव एकावर. वर्गात सुतक.

एकटी चष्मेवाली शांत. तिसऱ्या बाकावरची ही पोरगी पहिल्या दिवसापासून मुख्याध्यापकांचे शेअर घेते आहे. आता चाळीस झालेत. बाकीच्यांनी वेड्यात काढलं तेव्हा म्हणाली, ओरडतात खरं, पण वही दुसऱ्या दिवशी परत येते, एकदाही चुकलेली नाही.

नेमके तेवढ्यात मुख्याध्यापक उशिराच्या घंटेचा जाब विचारायला आत आले आणि फळ्यावर दिसलं: मुख्याध्यापक, दोन. चेहरा विटेसारखा झाला. हा पोरखेळ आजपासून बंद, म्हणाले. मी तोंड उघडणार, तर चष्मेवाली उठली. म्हणाली, सर, तुमचे सगळ्यात जास्त शेअर माझ्याकडे आहेत, आणि भागधारकांना सभेत प्रश्न विचारायचा हक्क असतो, बाईंनी शिकवलंय. त्यांनी खिशातून डायरी काढून तारीख पाहिली. मग म्हणाले, सत्तावीस तारखेला, शनिवारी दहा वाजता सभा. प्रश्न ऐकून तास ठेवायचा की नाही ते ठरवीन.

आता तासाचा जीव त्या सभेत अडकलाय. तुझ्याच एका शब्दाने आग लावली, विझवायला तूच काहीतरी सुचव.

आत्या


शनिवार, २० जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

यापुढे तुला पत्राच्या शेवटी नुसती सही करीन. तोडगा सोपा आहे. मी खडूची दोन खोकी घेऊन येतो, सभेआधी मुख्याध्यापकांचे शेअर उचलतो, भाव पंचवीसवर नेतो. माणूस खूश, तुझा तास सुखरूप. ही म्हणते मी वाया गेलोय.

तुझा भाचा


मंगळवार, २३ जुलै

चि. भाच्यास,
आशीर्वाद सूनबाईला. तिचं म्हणणं बरोबर आहे.

खोकी घरी ठेव! बाहेरून आणलेल्या खडूने भाव फुगवायचा, ही लबाडी ओळखायला शिकावं म्हणून तर हा तास आहे. तो वाचवायला मीच ती केली, तर तास बुडालेलाच बरा. काल मुख्याध्यापकांनी मला जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं, दोनच का हो? मी सांगितलं, भाव म्हणजे लोक काय देतात ते. तुम्ही काय देता ते त्या चष्मेवालीला विचारा. तसेच जिना उतरून गेले. पण आज वर्गात ओरडले नाहीत म्हणे, आणि चष्मेवाली वैतागली आहे, कारण भाव चारवर गेला आणि तिला आणखी घ्यायचे होते!

पोरं मात्र घाबरलीत. मुख्याध्यापकांसमोर पहिला हात कोण वर करणार, यावर चिठ्ठ्या टाकताहेत. एकदा कुणी विचारलं की बाकीची थांबणार नाहीत, माझी पोरं आहेत ती. माझा स्वतःचा शेअर साडेतीनवर अडकलाय, कारण बाई बोलतात फार. म्हणून थांबते.

लोभ घरी ठेवून, माया घेऊन, शनिवारी दहाला रिकाम्या हाताने ये. मागच्या बाकावर बस. आणि सभा सुरू झाली की सगळ्यांच्या आधी हात वर करून पहिला प्रश्न तू विचार.

आत्या