पहिली ओळ अरविंदची

११ जानेवारी, रविवार
अमेरिका-रशियाचा अण्वस्त्रांवरचा शेवटचा करार ५ फेब्रुवारीला संपतोय. पेपरात आतल्या पानावर चार ओळी. कुणाला पर्वा नाही. दोन्ही दूतावासांना पत्र पाठवायचं ठरवलं: करार वाढवा. खाली शंभर सह्या. अवघड नाही. जयनगरच्या आमच्या मंडळातच साठ बायका आहेत, बाकीच्या पार्कात मिळतील.
पहिली ओळ अरविंदसाठी रिकामी ठेवलीय. नवऱ्याचीच सही नसेल तर दुसऱ्यांना कुठल्या तोंडानं विचारू? तो सरकारी लॅबमध्ये आहे. तिथे काय करतो ते अठरा वर्षांत मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. अँटेनाचं काहीतरी असणार. इडलीपात्राचं झाकणसुद्धा आवाज न करता ठेवणारा माणूस.

१२ जानेवारी
विचारलं. म्हणाला, नीला, आम्हाला असल्या कागदावर सही चालत नाही, रूल्स आहेत. मग म्हणाला, डब्यात चटणी वेगळी दे. नाही असं म्हणाला नाही. सोमवारी तो तसाही दमलेला असतो.

१७ जानेवारी
चिकपेटच्या घाऊक बाजारातून साठ पेनं आणली. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पेन द्यायचं, तिथल्या तिथे सही घ्यायची. हातात पेन आल्यावर कोण नाही म्हणणार?

२५ जानेवारी, संध्याकाळी
बायका बावन्न. पेनं बावन्न गेली. सह्या सहा. मंडळातली सुप्रीता विचारत होती, रीफिल कुठे मिळेल. शेजारच्या कानडी अंबुबाईंनी सगळ्यात मोठी सही केली आणि विचारलं, अक्का, मग कावेरीचं पाणी स्वल्प जास्त वेळ येईल ना? समजावून सांगितलं. म्हणाल्या, सरी, सरी, बरं, बॉम्बचं पण लिहा, पाण्याचं आधी.

३० जानेवारी
शंभराचा हट्ट सोडला. सहाच, पण मनापासून. कागद डब्याच्या पिशवीखाली ठेवला, अरविंदला सहज दिसेल असा. संध्याकाळी तिथेच होता, वर तेलाचा डाग.
वाचलं की त्या दोन देशांनी कित्येक वर्षं एकमेकांच्या तळांवर जाऊन क्षेपणास्त्रं मोजली. शत्रू असून. मी नवऱ्याची बॅगसुद्धा उघडत नाही. विश्वास आहे म्हणून.

४ फेब्रुवारी
पत्र आतापर्यंत जायला हवं होतं. अरविंद टूरवर आहे. कुठे ते विचारलं नाही. परवा येईल. पहिली ओळ रिकामी ठेवून पत्र पाठवणं बरं दिसत नाही. अशा गोष्टींत मोठे लोक शेवटच्या दिवशी काहीतरी करतातच.

५ फेब्रुवारी
कुणी काही केलं नाही. करार संपला. भाजीवाला नेहमीच्या वेळेला आला. पालेभाजी, इथला सोप्पू, ताजी होती, दोन जुड्या घेतल्या.

६ फेब्रुवारी
अरविंद आला. आंघोळ केली, चहा घेतला. मग पिशवीखालचा कागद आपणहून काढला आणि वाचला. दोनदा. म्हणाला, करार संपला ना हा? मी हो म्हटलं. मग आता चालेल, म्हणाला. वाणातल्या उरलेल्या पेनांतलं एक घेतलं आणि पहिल्या ओळीवर सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख.
एकूण सात.
टूर कुठे होती, हे आज विचारायचंच होतं. उद्या डबा लागेल का, तेवढं विचारलं.