वाकणारी काठी

३ फेब्रुवारी, सोमवार
य. च्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, हातातून आज पुन्हा चेंडू पडला. उजवा हात तर नाहीच, आता डावाही कंटाळला आहे. व्यायाम करून घेणारी अश्विनी चिडली. चिडली की ती आणखी गोड बोलते. "काका, सहा महिने झाले लकव्याच्या अटॅकला. माझ्यासाठी नका करू. तुम्हाला काय करावंसं वाटतं ते सांगा, त्याचाच व्यायाम करू."
बराच वेळ ओठ हलत होते. मग स्पष्ट म्हणाले, "गळ."
दिवाळीपासूनचा पहिला धड शब्द. मी धावत कपाटावरची मासे धरायची काळी काठी काढली. महागाची, निखिलने अमेरिकेतून आणलेली. पुसून मांडीवर ठेवली. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर पाहत राहिले. मच्छरदाणीकडे.
तेव्हा मला कळलं. 

४ फेब्रु.
लिहून टाकते.
ऑगस्टमध्ये य. ना घरी आणलं. हॉलमध्ये हॉस्पिटलचा पलंग. घर कोपरीत, खाडीचे डास, मच्छरदाणी हवीच. पायाकडच्या दोऱ्या ग्रिलला बांधल्या, डोक्याकडे दोन दांड्या हव्या होत्या. माळ्यावर दोन काठ्या होत्या. काळी ताठ, चकचकीत. पिवळी फायबरग्लासची, जुनी, लुळी, धरली की मान टाकणारी. मला वाटलं, ही वाया गेलेली. शिवाय दोन तुकड्यांचीच होती, म्हणजे आयत्या दोन दांड्या. दोरा ओवायच्या कड्या पकडीने मीच उपटल्या. शेंडा फार लवत होता म्हणून वीतभर करवतीने कापला. बँडेजपट्टीने पलंगाला बांधल्या.
आणि वरून य. ना म्हटलं, "बघा, शेवटी कामाला आली."
तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. सहा महिने तिच्याखाली झोपताहेत.

८ फेब्रु., शनिवार
निखिलचा फोन. नवी कुठली घेऊ, विचारलं; पिवळी मोडली एवढंच सांगितलं. कोणी, कशी, ते नाही. तो तिकडे सुट्टीला तळ्यावर बास मासा धरतो. आपला जिताडा त्याच्याच नात्यातला, म्हणतो.
"आई, बाबा कशाने धरणार? पोटल्यानेच ना?"
पोटल्या म्हणजे य. चा आवडता खोटा मासा. फुगीर पोट, ओठाला प्लास्टिकची जीभ. ओढला की थरथरत खाली बुडी मारतो. पोटाला आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे दोन गळ.
"मग काळी नको. तिच्याने माशाला झटका बसतो, तोंड फाटतं, गळ सुटतो. अर्ध्यापर्यंत वाकणारी हवी. ग्लासची नाहीतर ग्लास-कार्बन मिक्स. बाबांची पिवळी बेस्ट होती गं."
"हो रे," म्हटलं. जूनला येणार होता, आता बहुतेक नाही म्हणाला.

११ फेब्रु.
काशिनाथदादा आले. चेंदणीचे कोळी, य. बरोबर तीस वर्षं खाडीवर. बसायच्या आधीच वर लक्ष गेलं.
"वयनी, मालकाला जाल्यान घातलाव, न वर त्यांचीच काठी?"
य. हसले. तोंडाची एकच बाजू हसते. मी चहाला आत गेले.
दादा मागे स्वयंपाकघरात आले, मी ठेवून दिलेला वीतभर तुकडा हातात फिरवून पाहिला. कड्या पुन्हा बांधता येतील, पण कापलेला शेंडा? "खरी काठी तवरीच असते वयनी. बाकी दांडा."
लग्न झाल्यावर य. मला पहिल्यांदा बंदरावर घेऊन गेले ते आठवलं. एका हातात पिवळी, दुसऱ्यात डबा. मी इस्त्रीची साडी नेसून ताठ उभी. म्हणाले, "शालू, माशाला अर्धा क्षण द्यायचा. तो ही काठी देते." कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर पाठीत पट्टी धरून ताठ बसवायच्या. वाकणारं ते कच्चं, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं.

१५ फेब्रु.
कल्याणला गळ-काठ्यांच्या दुकानात, काशिनाथदादांबरोबर. दुकानदाराने काळ्याच काळ्या काठ्या मांडल्या. हलक्या, कडक. "काकू, सगळे हेच नेतात."
दादांनी दोऱ्याचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं. "डोले मिटा. डाव्या हातान धरा. मी मासा." आणि दुकानभर पळाले! सत्तरीचा माणूस, गिऱ्हाईकं बघताहेत. कडक काठीने खांद्यापर्यंत हिसका. दुसरी तशीच. तिसरी.
मग कोपऱ्यातली मळकट हिरवी. "ती जुना माल आहे, स्लो आहे, फार लवते," दुकानदार. तीच धरली. दादा पळाले तशी मधल्यापर्यंत वाकली, थांबली, मग हळू ओढून घेतलं. हिसका नाही. हातात कुणीतरी श्वास घेतल्यासारखं.
मूठ लांब आहे, काखेत दाबून धरता येईल. एका हाताच्या माणसाला तेच हवं. घेतली.
दादा मनगट चोळत म्हणाले, "मासा गावला."


१६ फेब्रु., रविवार
दिली. डाव्या हाताने एकदा हलवली. शेंडा बराच वेळ थरथरत राहिला. काखेत दाबली, बसली. मग खाली ठेवून भिंतीकडे तोंड केलं.
शाळेत शुक्रवारी कॅथलिक मुली कन्फेशनला रांगेत उभ्या राहायच्या. आम्ही हिंदू मुली बाहेर पायरीवर. त्या हलक्या होऊन बाहेर यायच्या, मला हेवा वाटायचा.
आज य. च्या पाठीला सांगितलं. "कड्या मी उपटल्या. शेंडा मी कापला. मला ती वाया गेलेली वाटली."
भिंतीकडेच बघत, "माहीत."
एवढंच.  

१९ फेब्रु.
अश्विनीची युक्ती. पोटल्याचे दोन्ही गळ काढले, डबीत ठेवले. नुसता मासा दोऱ्याला. य. नी काठी काखेत धरायची. रीळ फिरवायला उजवा हात चालत नाही, म्हणून ते मी फिरवायचं. अश्विनी पोटल्या हातात घेऊन पॅसेजभर पळते.
मी भराभर फिरवलं. "हळू," य. म्हणाले. पुन्हा फिरवलं. "हळू, शालू."
नाव घेतलं. सहा महिन्यांनी.
चौथ्या खेपेला कोपर थरथरलं आणि काठी पडली. अश्विनी टाळ्या वाजवत होती. य. चा चेहरा पांढरा.

२४ फेब्रु.
गुरुवारपासून ताप, छातीत कफ. तीन दिवस हॉस्पिटल, काल घरी. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, आहे ते टिकवायचं. पुढचं धरू नका.

वजन इतकं उतरलं की कूस बदलायला आता मी एकटी पुरते.

२७ फेब्रु., गुरुवार
अमावास्या. काशिनाथदादांचा निरोप, उद्या दुपारी मोठी भरती. खाडीत मासे कमी, प्लास्टिकच्या पिशव्याच जास्त, पण बंदराच्या कठड्यापर्यंत चाकाची खुर्ची जाते. रिक्षा ते आणतील. डॉक्टरांना फोन केला. वारा नको, दमवू नका, निमोनिया उलटला तर… 
अश्विनी म्हणते, "काकू, मी हो म्हणणार नाही, नाही पण म्हणणार नाही."
य. ना सगळं सांगितलं. डॉक्टरांचंही. त्यांनी वर बोट केलं. मच्छरदाणी काढायची? होकाराची मान हलवली. बँडेजच्या गाठी इतक्या आवळलेल्या की कात्रीने कापाव्या लागल्या. दोन्ही पिवळे तुकडे मागून घेतले, पोटावर आडवे ठेवले, अंगठ्याने कड्यांच्या जागा चाचपत राहिले. एक एक. सगळ्या.
मग उशीखालून डबी काढून माझ्या हातात दिली. गळांची. कधी घेतली कोण जाणे.
"लाव."
"अहो, डॉक्टर म्हणतात…"
"लाव, शालू."
पकड आणली. तीच, कड्या उपटलेली. चष्मा लावून पोटाचा गळ बसवला. य. बघताहेत.
दादांना अजून हो कळवलेलं नाही, शेपटीचा गळ अजून माझ्या मुठीत आहे.