बोल्टसाठी ताजी हाडं

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा सध्या उभ्यानेच घातला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? पत्र नुसतं खुशाली विचारायला लिहितोय, गैरसमज नको.

मी बरा आहे, म्हणजे दमलो आहे. माझं काम तुला ठाऊकच आहे. पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, तो हाडाशी एकजीव व्हावा म्हणून त्यावर हाडातल्याच खनिजाचा पातळ लेप द्यायचा. (आई शेजाऱ्यांना सांगते, मुलगा रंगकाम करतो. हल्ली मीही दुरुस्त करत नाही.) लेप बसतो छान, पण स्क्रू हाडात पिळला की निम्मा खरवडून निघतो. मग हाड पकडणार कशाला? आमच्या प्रमुख बाईंनी आता स्पष्टच सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत लेप टिकलेला दिसला नाही तर काम बंद.

या चाचणीला ताजं, अखंड हाड लागतं, सुकलेलं तडकतं. बाकीचे खाटीक तुकडे करूनच देतात, कोपऱ्यावरचा तेवढा बकऱ्याचा अख्खा जबडा काढून ठेवतो. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "कुत्र्यासाठी का?" ताई, त्या दिवशी मी तीन जणांना लेप समजावून आलो होतो. पुन्हा तोंड उघडायचं त्राण नव्हतं, हो म्हणालो. नाव विचारलं तर तोंडात आलं ते सांगितलं, बोल्ट. तेव्हापासून हा माणूस (आडदांड, हातात सुरा, पण बोल्टचं नाव काढलं की विरघळतो) रोज चौकशी करतो. पोट साफ होतं का, विजा कडाडल्या की घाबरतो का. मीही सांगत सुटलो. बोल्टला सर्दी झालीय म्हणालो तर त्याने काढा करून दिला. (सर्दी मलाच होती, प्यायलो.) त्याचा स्वतःचा कुत्रा मागच्या वर्षी गेला. ते सांगताना त्याने गिऱ्हाइकांकडे पाठ केली होती. आता खरं सांगू कुठल्या तोंडाने? मला लाजही वाटते आणि हाडंही हवी आहेत.

त्यात काल लेप पहिल्यांदा टिकला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, जवळजवळ अख्खा. खरं सांगतो, मला रडू आलं. पण एकदा टिकल्याने बाईंचं समाधान व्हायचं नाही, पुन्हा पुन्हा करून दाखवावं लागेल. म्हणजे आणखी हाडं आली.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. खाटीक रविवारी बोल्टला भेटायला घरी येतोय. तुझा कुत्रा घेऊन शनिवारीच ये. तोवर त्याला बोल्ट म्हणून हाका मारत जा.

ता. क. आणखी एक. म्हातारपणी तुझ्या कुत्र्याचे सगळे दात पडलेत, हे आत्ता आठवलं. काहीही कर, पण रविवारी त्याचं तोंड मिटलेलं ठेव. खाटकाला कळलं तर तो मायेपोटी हाडं बंद करून खिमा द्यायला लागेल. खिम्यात स्क्रू बसत नाही, ताई.