पंपावरचा टॉवेल

सांगली, मंगळवार संध्याकाळ

व्हॅक्यूम पंप आज पुन्हा तीनदा बंद पडला. हळदीचं पॅकिंग अडलंय, माल उद्या फलटणला जायचाय. पंप दादाच सांभाळायचा; त्याच्या तेराव्यापासून हेच. तेल बदललं, फिल्टर धुतला, तरी मोटर तापतेच. पॅकिंगवरच्या जुन्या महादूकाकांचं एकच, "पंप रुसलाय. दादाबिगर चालायचा न्हाई."

डोकं फिरलं. शेवटी भिंतीकडच्या बाजूला वाकून बघितलं. मोटरच्या पंख्याच्या जाळीवर दादाचा टॉवेल, त्यावर वाळका हार. वाराच कोंडलेला!

"हे कुणी केलं?"

"मीच," काका म्हणाले. "तेराव्याला वाहिला. रोज पाया पडतो की."

टॉवेल काढला, आणि पंप सुट्टीपर्यंत चालला. दादाशिवाय.

टॉवेल काढताना गरम लागला. आत्ताच खांद्यावरून उतरवल्यासारखा.