जेवायला न गेलेला ठिपका

११ जुलै
आबा गेले एकदाचे! शिरूर अनंतपाळहून मला लातूरला सोडायला आले, हॉस्टेलच्या खोलीत गादी टाकून दिली, बादली आणली आणि जाता जाता माझा मोबाईल मागून घेऊन त्यात लोकेशन चालू करून दिलं. आता त्यांच्या मोबाईलच्या नकाशावर मी दिसते. निळा ठिपका. "तुला फुल मोकळीक हाय, अयोध्या. निस्तं हे चालू ठिव." आमच्या गल्लीत किती बाप पोरींना अशी खोली करून देतात! त्यात माझं मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचं हे दुसरं वर्ष. तोंड कुठे वर करू?

२ ऑगस्ट
क्लासहून येताना झेरॉक्सच्या दुकानात थांबले. लगेच फोन — "तिथं काय करायलीस?" चिडून लुबनाला सांगितलं. लुबना म्हणजे माझी रूम पार्टनर. ती म्हणाली, "तुला कुणी बघतंय तरी. आमच्या घरी मी हाय का न्हाई, कुणी विचारत बी न्हाई." मग आमच्यात मोकळी कोण? डोकं उठलं. झोपते.

१५ ऑगस्ट
झेंडा झाला. लगेच टेस्ट.

१७ सप्टेंबर
मराठवाडा मुक्तिदिन. क्लासला सुट्टी. लुबना उदगीरला गेली. मोबाईल चार्जिंगला लावलाय. तो इथेच राहील. मी चालले!

१८ सप्टेंबर
काल रात्री लिहवलं नाही.
गंजगोलाईच्या बाजारात नुसती हिंडले. सोळा रस्ते, वाटेल तो धरावा! बांगड्या हातात घालून बघितल्या, घेतल्या नाहीत. पेरू खाल्ला. मी कुठे आहे ते जगात कुणालाच माहीत नव्हतं. इतकं हलकं वाटलं की भर रस्त्यात रडू आलं.
परत आले तर खोलीचं दार मोडलेलं. आबा माझ्या कॉटवर बसलेले, माझा मोबाईल त्यांच्या मांडीवर.
रोज दुपारी माझा ठिपका पलीकडच्या गल्लीत मेसला जातो. काल तो जेवायला गेला नाही. आबांनी फोनवर फोन लावले. जीव दिलेल्या क्लासच्या पोरांच्या बातम्या त्यांनीही वाचलेल्या. तशीच मोटारसायकल काढली. आमचं दार खटक्याचं, ओढलं की बंद होतं. आतून रिंग ऐकू येत होती आणि दार कुणी उघडत नव्हतं. हॉस्टेलच्या मावशींना दुसरी किल्ली सापडेना. आबांनी खांद्याने दार मोडलं.
ओरडले असते तर भांडले असते! पण ते माझा हात धरून लेकरासारखे रडले. "मला वाटलं, तू आता..."
पुन्हा मोबाईल सोडून जाणार नाही, असं मीच म्हणाले. कुणी जबरदस्ती केली नाही. मीच! आता चिडायचं तरी कुणावर? पाठीवरून हात फिरवणाऱ्या माणसाशी कसं भांडतात? मला येत नाही.

२० जून
पुन्हा मार्क कमी. गादी, बादली घेऊन घरी आले. इथेच बीएस्सी करीन म्हणाले. माझा ठिपका आता कुणी बघत नाही. बघायला आहे काय — घर आणि कॉलेज.

८ जुलै
धाकट्या बहिणीला, सत्यशीलाला, नांदेडला क्लास लावला. तिचा ठिपका आबांनी माझ्या मोबाईलवर टाकायला लावला. "तूच बघत जा. तुला समजतंय त्यातलं." निघताना मी तिला म्हणाले, "तुला मोकळीक आहे गं. फक्त हे चालू ठेव." तोंडातून निघूनच गेलं! स्वतःची शिसारी आली.

३० ऑगस्ट
सत्यशीलाचा ठिपका आज दुपारी मेसला गेला नाही. फोन उचलत नाही.
आबांनी विचारलं, "जेवली का गं पोरगी?"
"हाव, जेवली," म्हणाले.
मी हिंडले तशी हिंडत असेल. हिंडतच असेल. ठिपका अजून हलला नाही.