चार गुणांचा बादशहा

२ मार्च, सकाळी
काल चार गुणांच्या डावांच्या विक्रमाशी बरोबरी झाली! आता आणखी एकच डाव, की बास्केटबॉल लीगचा विक्रम माझा आणि लॉनी प्रुइट लिहिलेला शर्ट टोलेडोच्या हॉलमध्ये मानाने कायमचा छताला टांगलेला.

सासूबाईंना फोनवर पुन्हा सगळं समजावलं. तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू टाकायचा, टाकतानाच समोरच्याचा धक्का खायचा, तरी चेंडू आत गेला पाहिजे. मग एक फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता टाकायचा एका गुणाचा चेंडू. तीन अधिक एक, चार. भल्याभल्यांना वर्षात एखादा जमत नाही. बाई म्हणाल्या, म्हणजे कोणीतरी तुम्हाला धक्का द्यायला हवा? मग मीच येते ना!
अडाणी घराणं.

२ मार्च, दुपारी
कोच हॅल्व्हर्सनला भेटलो. पुढच्या वर्षीच्या कराराचं विचारलं. म्हणाला, सीझन संपू दे, बघू. बघू काय बघू? विक्रमवीराला घरी बसवायची याची छाती आहे का? पाच सामने उरलेत. पाच म्हणजे चैन.

४ मार्च
संकल्प: रोज पडण्याचा सराव. हॉलमध्ये गादी टाकली. धक्का लागल्यावर हात कसे उडाले पाहिजेत, मान कशी मागे गेली पाहिजे, ही कला आहे. आजकालची पोरं नुसती धपकन पडतात, पोतं पडल्यासारखी. रेफरीच्या काळजाला हात घालायला नको?
डार्लीन म्हणाली, अरे, चेंडू आत जायचा सराव कधी करणार? लग्नाला अकरा वर्षं झाली तरी बायकोला खेळ कळत नाही.

६ मार्च
सामना. पडणं अप्रतिम. चेंडू मात्र रिंगला लागलाच नाही. जमीन नको तितकी पॉलिश केलेली होती. रेफरी म्हणाला, उठा आजोबा, कोणी हातही लावला नाही तुम्हाला. आंधळा मेला!

रेडिओवर ओग्ल्सबी समालोचन करतो. जुना विक्रम त्याचाच. आता गुडघे गेले, पोट सुटलं, तरी उंटावरून शेळ्या हाकणं चालूच. म्हणाला, लॉनीला माझ्या मनापासून शुभेच्छा. काय हा कुजकेपणा!

९ मार्च
फोर्ट वेनमध्ये नवीनच प्रकार. मी चेंडू उचलला, की समोरचा दोन पावलं मागे सरकतो आणि हात पाठीमागे घेतो. देवळात उभा असल्यासारखा. याला म्हणतात दरारा. अख्खी लीग मला घाबरली आहे.
आमचा बॅबिनो म्हणतो, त्यांच्या कोचने सांगितलंय, त्याला खुशाल टाकू द्या, जात नाही त्याचा. या बॅबिनोबद्दल काय बोलावं! सात फुटी धूड, पण फ्री थ्रो टाकायला उभा राहिला की पहिल्या रांगेतली माणसं डोकी सांभाळतात. आणि हा मला शिकवणार.

१३ मार्च
युक्ती बदलली. माणूस चिडल्याशिवाय धक्का देत नाही. म्हणून समोरच्याच्या केसांवरून बोललो, चालीवरून बोललो, शेवटी त्याच्या आईच्या स्वयंपाकावर आलो. तो म्हणाला, खरंय सर, तिला नाहीच जमत. लहानपणी माझा फोटो होता म्हणे त्याच्या खोलीत. असले चाहते काय चाटायचेत? शिस्तभंगाचा फाउल उलट माझ्यावरच.

१६ मार्च
चौथा सामनाही गेला. कोचने तीनच मिनिटं खेळवलं. तेवढ्यात दोनदा पडलो. एकदा तर चेंडू आमच्याकडे नव्हताच. उत्साह.
उद्या शेवटचा, घरच्या मैदानावर, डेटनशी. डार्लीन येणार आहे. बऱ्याच दिवसांनी येते आहे. उद्या असं पडतो, की मेलेला माणूसही उठून फाउल देईल.

१८ मार्च
काल काय झालं ते एकदाच लिहितो.

शेवटची दोन मिनिटं. कोपऱ्यातून टाकला. डेटनच्या त्या लाल केसांच्या बावळटाचा हात खरोखर माझ्या मनगटावर बसला. खरोखर! शिट्टी वाजली. चेंडू आत! तीन झाले. उरला एक फ्री थ्रो, जो मी झोपेत टाकतो.

मी पडलेलोच होतो. उठायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. पण अख्खा हॉल चिडीचूप झाला होता. माझ्यासाठी! एकोणीस वर्षांत एवढी शांतता मला कोणी दिली नव्हती. म्हटलं, थोडं कण्हू. गुडघा धरला. गडबडा लोळलो. फिजिओ वेंडेल धावत आला, उभा राहशील का विचारलं. मी डोळे मिटून म्हणालो, मला इथेच राहू दे रे. आवाज सुंदर फुटला.

गाढवाने स्ट्रेचर मागवलं. जखमी माणूस बाहेर गेला, की त्याचा फ्री थ्रो उरलेल्या चौघांपैकी एकजण टाकतो आणि तो कोण, हे समोरचा कोच ठरवतो. नियम मला माहीत होता. पण तो जखमी लोकांसाठी आहे. मला काय झालं होतं? डोळे उघडले तेव्हा डेटनचा कोच हसत हसत बॅबिनोकडे बोट दाखवत होता.

स्ट्रेचरवरून उडी मारली आणि पळत सुटलो. समोरून डार्लीन येत होती. एका पायात बूट नाही, तोंड पांढरंफटक, माझं नाव घेत. तिला चुकवून पुढे गेलो. रेफरी म्हणाला, बाहेर गेलास, आता परत नाही. हातापाया पडलो. लोक हुर्यो करायला लागले. आमचेच लोक!
आणि बॅबिनोने टाकला. आत. महिन्यातला पहिला. हॉल नाचला. माझ्या नावावर तीन, त्याच्या नावावर एक. चार कोणाचेच नाहीत.

१९ मार्च
कोचचा फोन. दोन वाक्यं. करार नाही. ओग्ल्सबी रेडिओवर म्हणाला, वाईट वाटलं. ढोंगी.
विक्रम गेला. आता कधीच होणार नाही माझा. छाती जड झाली आहे. अ‍ॅसिडिटी असणार.
डार्लीन दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. एवढंच म्हणाली होती, की मला वाटलं तू गेलास, आणि तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. बायका काहीही मनाला लावून घेतात.

२१ मार्च
सकाळी गॅरेजसमोर बर्फावरून पाय घसरला. खरंच पडलो. कोपरावर. कळ डोक्यात गेली. डार्लीनला हाक मारली. खिडकी उघडली. मी म्हटलं, अगं ये, फार लागलंय. तिने विचारलं, फ्री थ्रो कोणाला टाकायला सांगू? आणि खिडकी लावून घेतली.

पुन्हा दोन हाका मारल्या. मग स्वतःच उठलो. कोपर सुजलं आहे, म्हणून आज डाव्या हाताने लिहितो आहे.