वावरात तू कुठं आहे, बाई?

माह्या बाई,

नाव ठेवायच्या आधीच तू गेली, म्हणून तुले बाई म्हणून राह्यली. उद्या आपल्या वावरात कपाशीची टोबणी आहे, अन् तुले त्या वावरात कुठं पुरलं, ते मले माहीत नाही. दुपारी सारे झोपले, तशी लिहायले बसली. सांगत तर कोणीच नाही. मग तुलेच विचारते.

दवाखान्यात नर्सबाई म्हणे, "मुलगी होती." होती! बाहेर आली नाही तर लगेच 'होती' झाली! काऊन वं नाही रडली तू? एकदा तरी ट्याहां करायचं ना! पोटात तर अशा लाथा मारायची की मले कूस बदलू देत नव्हती.

मी म्हटलं, मले दाखवा. तुही आजी आडवी आली. "पाहू नको सूनबाई, पाहशील तर सपनात येईल." तुह्या बाबानं तुले आपल्या दुपट्ट्यात गुंडाळलं अन् नेलं. मी पाहिलं नाही, म्हणूनच सपनात येत नाही काय तू? ये ना वं! मी काही भिणार नाही.

दूध उतरलं तेव्हा मी वेडीपिशी झाली. ब्लाउज ओलाचिंब, अन् पाजू कोणाले? आजीनं जुन्या लुगड्याची पट्टी छातीले आवळून बांधली. बांधता बांधता म्हणे, "पाती गळली म्हणून पऱ्हाटी कोणी उपटून टाकते काय? पुन्हा धरते." कपाशीच्या झाडाले आपल्याकडे पऱ्हाटी म्हणतात, अन् कळीले पाती. तिचं मन वाईट नाही. पण मी किंचाळली, "पाती नव्हती ती! भरलं बोंड होतं!" तवापासून घरात कोणी तुहा विषयच काढत नाही.

बाबाले विचारू विचारू थकली. त्याइचं एकच, "सांगितलं तर तू तिथंच बसून राहशील." बसीन! मग कुठं बसू? आता तर वखरून सारं वावर सारखंच दिसते. अन् सरकी कशी टोबतात, माहीत आहे? बोटानं माती उकरायची, बी टाकायचं, अन् पायानं दाबून पुढं सरकायचं. पायानं, बाई! माहा पाय तुह्यावर पडला तर?

एवढं लिहून ठेवलं, अन् संध्याकाळी बाबाले सांगून टाकलं, "जागा सांगा, नाही तर मी वावरात पाय ठेवत नाही." ते बियाण्याच्या थैल्या फोडून राह्यले होते. बीटीच्या थैलीसंगं साध्या सरकीची बारकी पुडी येते, अळीले खायले म्हणून वावराच्या कडेले, धुऱ्यानं लावायची. गावात कोणी लावत नाही, आपणही फेकूनच देतो. बाबानं ती पुडी माह्या हातावर ठेवली.

"बोरीजवळच्या कोपऱ्यात लावजो. तिथं मी फवारा मारणार नाही."

"काऊन?"

"तिच्या अंगावर औषध नको पडायले," म्हणे, अन् तिथंच खाली बसून हमसून हमसून रडले.

बाई, तुले शब्द देते. उद्या त्या कोपऱ्यात मी कोणाले येऊ देणार नाही. तिथलं बी मीच लावीन, अन् माती पायानं दाबणार नाही. हातानं थोपटीन, तू निजेपर्यंत.

तुही माय